सिस्टरची गाडी

३ मार्च

ही डायरी आमच्याच छापखान्याची. एप्रिलला एकतीस दिवस छापले गेले, म्हणून गिऱ्हाइकाने सगळा गठ्ठा परत केला. छापखाना बंद झाला तेव्हा मालकांनी त्यातल्या दोन-दोन डायऱ्या आम्हा सगळ्यांच्या हातात ठेवल्या. प्रुफं मीच वाचली होती. सव्वीस वर्षांत ऱ्हस्व-दीर्घाची चूक माझ्या नजरेतून सुटली नाही, असं सगळे कौतुकाने सांगायचे. आणि एकतीस एप्रिल सुटला.

छापखाना बंद होऊन आज एक महिना झाला. या महिन्यात मी स्वयंपाकघरातले सगळे डबे तीनदा पुसले. काल हे म्हणाले, "आणखी एकदा पुसलेस तर डब्यांना भोकं पडतील." हसू आलं नाही.

आज सकाळी चहा घेताना यांनी विषय काढला, की गॅरेज मोकळं करू या, ती जुनी गाडी भंगारात देऊ या. गाडी सासूबाईंची. त्या घरोघर जाऊन बाळंतपणं करणाऱ्या नर्स होत्या. तीस वर्षं त्या गाडीतून फिरल्या. आजही जुनी माणसं त्यांना सिस्टरच म्हणतात. निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी गाडी गॅरेजमध्ये लावली, वर ताडपत्री टाकली, ती आजतागायत तशीच. एकोणीस वर्षं.

मला वाटलं, आता भडका उडणार. पण आई शांतपणे म्हणाल्या, "विक. पण चालू करून विक. माझी गाडी कोणी ढकलत नेलेली मला चालणार नाही."

"अगं, पण चालू कोण करणार?"

"ही आहे की घरात रिकामी."

रिकामी! मी कप विसळायला उठले, ती आतच राहिले. एकोणतीस वर्षं या घरात आहे. आमच्या दोघींचं कधी भांडण झालं नाही. भांडायला लागते तेवढी जवळीकच नव्हती.

५ मार्च

सव्वानऊला काठी आपटल्याचा आवाज. "येतेस ना?" नेमकं सव्वानऊला. याच वेळेला मी पर्स उचलून कामावर निघायचे. दुखऱ्या जागी बरोब्बर बोट कसं ठेवायचं हे आईंना चांगलं माहीत आहे.

ताडपत्री ओढली तर धुळीने जीव घुसमटला. आई खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "हं. सांग काय काय दिसतंय."

"गाडी दिसतेय."

"नीट सांग. बॉनेटपासून सुरू कर."

त्यांच्या नजरेसमोर होती हो गाडी! पण शाळेतल्या बाईंसारखं माझ्याकडून वदवून घ्यायचं होतं त्यांना. सांगितलं. बॉनेटच्या कडेला गंज. पुढच्या डाव्या चाकात हवा नाही, रबर तडकलेलं. मागच्या सीटमध्ये उंदरांनी घर केलंय. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा खालून दिसतोय, म्हणजे पत्र्यातून जमीन दिसतेय.

"गंज म्हणजे कसला? नखाने खरवड. भुगा पडतो की पापुद्रा निघतो?"

"पापुद्रा."

"मग पत्रा कापावा लागेल. भुगा असता तर घासून भागलं असतं."

अकरा वाजेपर्यंत माझी तोंडी परीक्षा चालली. बाकी आईंनी स्वतः कशाला हात लावला असेल तर शपथ.

९ मार्च

मिस्त्री आले. पूर्वी कोपऱ्यावर त्यांचं गॅरेज होतं आणि आईंची गाडी कायम त्यांच्याकडेच असायची. आता गॅरेज नाही, मिस्त्री आहेत. बॉनेट उघडून त्यांनी आत डोकावलं, हँडल घालून फिरवायला गेले, इंजिन तसूभर हललं नाही.

"जाम आहे, सिस्टर."

"प्लग काढ. भोकातून तेल सोड. आठवडाभर मुरू दे."

मिस्त्रींनी चारी प्लग काढले आणि एक आईंना दिला. इतका मान देतो हा माणूस त्यांना, की साधा प्लग द्यायचा तर आधी मनगट धरलं, मग तळहातावर ठेवला. आईंनी तो बोटांत फिरवला, वास घेतला, नखाने टोक चाचपलं. मग मला विचारलं, "रंग काय आहे गं टोकाचा? बदामी की काळा?"

हातात धरून मलाच विचारतात! "काळा," म्हटलं. "काजळीसारखा की तेलकट?" बघून सांगितलं, काजळीसारखा. "ठीक आहे. म्हणजे इंजिन पोटाने शाबूत आहे."

मिस्त्री जाताना मला हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्ही किती छान समजावून सांगता त्यांना." मला वाटलं, थट्टा करतायत.

१४ मार्च

कार्ब्युरेटर खोलला. घरातल्या मोठ्या ताटात सगळे भाग काढले त्याच क्रमाने मांडले. आईंनी सांगितलं होतं, "एका ओळीत ठेव. उलट्या क्रमाने परत जायचंय आपल्याला." जुनं पेट्रोल वाळून आत मधासारखं चिकट झालं होतं. त्यातला पितळेचा बारीक भोकाचा जेट पेट्रोलने धुतला, फुंकला, उजेडाकडे धरून बघितला.

"स्वच्छ झाला," मी म्हटलं.

"बघू नकोस. ओठांना लावून फुंक. शीळ वाजते का बघ."

नाही वाजली. पुन्हा धुतला. तिसऱ्या खेपेला वाजली. मानलं पाहिजे.

त्यानंतर मात्र डोकं फिरवलं त्यांनी. स्टुलावर अवजारं होती म्हणून मी त्यांचा चहा डाव्या हाताशी ठेवला. हात फिरवला आणि कप खाली. वर मलाच, "कप उजवीकडे असतो माझा. रोज." जमीन पुसताना मनात म्हटलं, राणीसरकार.

१६ मार्च

यांना विचारलं, भंगारवाला कधी येणार होता? "अरे हो, फोन करायचा विसरलोच." यांच्या विसरभोळेपणाचे आज पहिल्यांदाच आभार मानावेसे वाटले. दारं अजून घासायची आहेत, एवढ्यात नको यायला तो.

आज काठी वाजायच्या आधीच गॅरेजमध्ये होते.

२२ मार्च

इंजिन सुटलं! मिस्त्री हँडलवर ओणवे, मी त्यांच्या मागे, आणि आई खुर्चीतून, "झटका नको. दाब दे. दाब देत राहा. हं, घाई नको, श्वास घे, आता परत." मिस्त्री म्हणाले, "सिस्टर, गाडी आहे, बाळंतीण नाही." तेवढ्यात आतून 'कट्' असा आवाज आला आणि हँडल पाव फेरा खाली गेलं. मग अर्धा. मग पूर्ण.

मिस्त्रींचे डोळे भरून आले होते. आई म्हणाल्या, "झालं ना? आता सगळं तेल बदला."

२ एप्रिल

उंदरांनी वायरी कुरतडल्यात. कुठली कुठे जाते ते कळेना. आईंनी कपाटातून एक वही आणायला सांगितली. गाडीच्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद त्यात आहे, वायरिंगची आकृतीसुद्धा. मी वही त्यांच्यापुढे धरली.

"मला काय दाखवतेस? माझंच अक्षर आहे. तू वाच."

वाचू लागले. पहिल्या दोन पानांतच लक्षात आलं, की ही नुसती गाडीची वही नाही. रोजच्या कामाच्या नोंदीही तिच्यातच. 'प्लग बदलले. मुलगी, पायाळू. दोघी सुखरूप.' 'डाव्या दिव्याची वायर सैल. जुळे, दुसरा उशिरा रडला.' 'ब्रेक घासतात. आज कोणी नाही.' मी वाचत होते आणि आई मान किंचित कलती करून ऐकत होत्या. मधेच हसत होत्या. "तो उशिरा रडलेला आता वकील आहे. अजून उशिराच बोलतो म्हणे."

वाचता वाचता एक तारीख आली आणि मी थांबले. माझ्या लेकीची जन्मतारीख. बाळंतपण याच घरात झालं, आईंच्याच हातून. मला त्या रात्रीच्या त्यांच्या हुकमांखेरीज काही आठवत नाही.

'मुलगी. वजन चांगलं. अठरा तास. सून फार धीराची आहे, तिला कळू दिलं नाही पण मी घाबरले होते. ग्रीसिंग राहिलं.'

मी त्या ओळीवर बोट ठेवून बसले.

"वाच की पुढचं," आई म्हणाल्या. "हिरवी वायर कुठे जाते?"

मी वाचलं. हिरवी वायर कुठे जाते ते मात्र मला तीनदा वाचावं लागलं.

११ एप्रिल

चालू झाली!

दुपारी बाराला पाच कमी. नवी बॅटरी, बाटलीतून पेट्रोलची नळी, मिस्त्रींनी ठिणगीचे पॉइंट जुळवले. मी चावी फिरवली. दोनदा नुसतंच कुरकुरली. तिसऱ्यांदा खोकली, धूर सोडला आणि धडधडू लागली. हे तोंडाला साबण तसाच घेऊन दाढी अर्धवट टाकून धावत आले. लेकीला फोन लावून तो बॉनेटपाशी धरला. ती पलीकडून ओरडत होती, "आई, हे तू केलंस?"

मी केलं. मी, मिस्त्रींनी आणि खुर्चीतल्या बाईंनी. त्या एकट्या खूश नव्हत्या.

"तिसरा गप्प आहे."

"काय?"

"तिसरा सिलिंडर. ऐक ना. तीन बोलतात, एक पाणी भरतोय."

मिस्त्रींनी तिसऱ्या प्लगची वायर काढून बघितली. इंजिनाच्या आवाजात काही फरक पडला नाही. म्हणजे खरंच गप्प होता. प्लगला चीर गेली होती. नवा बसवला आणि गाडी अशी काही गुणगुणायला लागली की मी वेड्यासारखी रडले. छापखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी रडले नव्हते. आज दोन्ही मिळून रडून घेतलं असावं.

आई खुर्चीतून उठल्या, बॉनेटवर दोन्ही तळहात टेकवून उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ. मला वाटलं, प्रार्थना करतायत.

१९ एप्रिल

पायाखालचा पत्रा कापून नवा जोडला. जोडावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासली. माझ्या बोटांचे ठसे गुळगुळीत झालेत. आता मोबाईल मला ओळखत नाही.

रंगारी कार्ड घेऊन आला. त्यात निळे रंगच एकवीस. आईंना म्हटलं, "तुमच्या गाडीचा मूळ रंग यातला कुठला ते दाखवा."

"धुऊन धुऊन फिकी पडलेली निळी चादर असते ना, तो. आभाळासारखा नाही. चादरीसारखा."

"कार्ड समोर आहे, त्यावर बोट ठेवा ना आई!"

"तू निवड," म्हणाल्या आणि उठून गेल्या. राग आला वाटतं. यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. मी जरा कमी बोलायला हवं होतं. तेरावा निळा निवडला.

२६ एप्रिल

गाडी अंगणात काढून रंग दिला. काचा आणि दिवे झाकायला छापखान्यातून आणलेले रद्दी फर्मे, छापून वाया गेलेले मोठे कागद, वापरले. रंगाऱ्याचा फवारा चालू असताना मी पुढच्या काचेवरचा मजकूर वाचत होते. त्यात एक वेलांटी चुकलेली सापडली. सवय.

एका दारावर रंगाचा ओघळ आलाय. रंगारी म्हणतो, कोणाला दिसणार नाही.

३० एप्रिल

झोप येईना, म्हणून लिहिते.

आमच्या गॅरेजच्या मधोमध एक खड्डा आहे, गाडीखाली उतरून काम करायला सासऱ्यांनी बांधून घेतलेला, छातीएवढा खोल. एरवी त्यावर फळ्या असतात; गाडीच्या पुढे येणाऱ्या फळ्यांवरून आम्ही रोज ये-जा करतो. गाडी अंगणात आहे तोवर साफ करावा म्हणून मी आज सकाळी फळ्या काढल्या, आत दिवा लावला आणि झाडू घेऊन उतरले.

घराकडचं दार उघडलं. आई आल्या. काठी नव्हती, कारण दोन्ही हातांत एकेक कप होता. एकोणतीस वर्षांत त्यांनी माझ्यासाठी कधी चहा आणला नव्हता. मला खालून बघताना इतकं बरं वाटलं, की क्षणभर मी नुसती बघतच राहिले. त्या सरळ चालत येत होत्या, नेहमीच्या वाटेने, आपल्या खुर्चीकडे. तोंडाने म्हणत होत्या, "अगं, आहेस ना आत?" आणि त्यांचा उजवा पाय खड्ड्याच्या कडेवरून पुढे आला. हवेत.

"आई! थांबा! पाय मागे घ्या!"

पाय तसाच राहिला. मग सावकाश मागे गेला. दोन्ही कप हिंदकळले, गरम चहा त्यांच्या हातांवर सांडला, पण त्यांनी कप सोडले नाहीत.

मी शिडीवरून वर आले. त्यांच्या हातातून कप घेतले.

"फळ्या कधी काढल्यास?"

"सकाळी."

"सांगायचं नाही का?"

"आई, समोर... एवढा मोठा... आत दिवा लागलाय."

मी त्यांच्या चेहऱ्यासमोर हात हलवला. त्या माझ्या खांद्याच्या थोडं बाजूला बघत होत्या. त्या नेहमी तिथेच बघतात. मला वाटायचं, माझ्याकडे बघायची इच्छा नसते त्यांना.

पान संपलं.

३१ एप्रिल

कालचं अजून राहिलंय, म्हणून छापखान्याने चुकून दिलेल्या या जादा पानावर लिहिते.

मी त्यांना खुर्चीत बसवलं. नळाखाली फडकं भिजवून भाजलेल्या हातांवर धरलं. मग विचारलं, "किती दिसतं?"

"उजेड कळतो. दारात कोणी उभं राहिलं तर कळतं. कोण आहे ते बोलल्यावर."

"कधीपासून?"

"उजवा आधीच गेला. डावा चार वर्षांपासून धूसर होत होत असा झाला."

चार वर्षं! पेपर बंद केला तेव्हा म्हणाल्या होत्या, वाचण्यासारखं काही छापत नाहीत हल्ली. आणि मी छापखान्यातली, मला तो टोमणा वाटला होता.

"मला का नाही सांगितलं? निदान यांना?"

आई फडक्याच्या घड्या घालत राहिल्या. "माझ्या आईचे डोळे गेले, तेव्हा सगळ्यांनी तिची फार काळजी घेतली. खिडकीपाशी चांगली खुर्ची दिली. जेवण वेळेवर, औषध वेळेवर. फक्त तिला कोणी काही विचारेनासं झालं. पडदा कुठला लावू, बाळाचं नाव काय ठेवू, काही म्हणून विचारायचं नाही कोणी. सहा वर्षं ती त्या खुर्चीत बसून होती आणि घर तिच्या बाजूने ये-जा करत होतं." मग म्हणाल्या, "मला तशी खुर्ची नको होती."

मी म्हटलं, "दोन महिने रोज मी तुम्हाला प्लगचा रंग सांगतेय, गंज सांगतेय, वायरी सांगतेय. आणि मला कळलं नाही. मी प्रुफं वाचायचे हो, आई."

"तू सांगतेस चांगलं," त्या म्हणाल्या. "छापल्यासारखं सांगतेस. चार वर्षांत बघितलं नसेल एवढं या दोन महिन्यांत बघितलं मी."

तो थंड झालेला चहा आम्ही दोघींनी प्यायला. साखर दुप्पट पडली होती. शेवटी त्याच म्हणाल्या, "गोड झालाय ना? मोजताना चुकले." आणि आम्ही दोघी जे हसायला लागलो, ते हे येऊन दारात उभे राहिले तरी हसू थांबेना.

२ मे

मिस्त्रींना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

ते गोंधळलेच. "म्हणजे? तुम्हाला नव्हतं? वहिनी, तुम्ही रोज एवढं सगळं वर्णन करून सांगायचात त्यांना. मला वाटायचं, कसली माया आहे या सुनेची."

मी आत जाऊन चहा टाकला.

६ मे

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. उजव्या डोळ्याची नस काचबिंदूने गेली, तिथे आता काही होणार नाही. डाव्यात मोतीबिंदू पिकलाय आणि दाबही वाढलाय. शस्त्रक्रिया केली तर तो डोळा पुष्कळ सुधारेल, माणसं ओळखता येतील. नाही केली तर आहे तो उजेडही वर्षभरात जाईल.

घरी येईपर्यंत आई काठीची मूठ चाचपत राहिल्या. मग यांना म्हणाल्या, "आणि करताना बिघडलं तर? उरलाय तो उजेड मी देणार नाही कोणाला."

हे खूप समजावत राहिले. हरले.

८ मे

मी समजावलं नाही. सव्वानऊला गॅरेजमध्ये गेले आणि काठी आपटली. त्यांचीच काठी. त्या आल्या.

म्हटलं, "आई, जाम झालेलं इंजिन होतं. फिरवताना मोडेल म्हणून तसंच ठेवलं असतं तर?"

"गाडी आणि डोळा एक नाही."

"नाही. पण मी भीतीने हात सोडत होते तेव्हा तुम्ही सांगायचात, दाब देत राहा."

आईंनी माझ्या हातातली काठी काढून घेतली. मग, "तू येशील आत?"

"दारापर्यंत. आत सोडत नाहीत."

"तेवढं पुरे. पण जाईन ती माझ्या गाडीतून. आणि चालवायची तू. दुसऱ्या कोणाच्या गाडीतून मी जाणार नाही."

"आई, ब्रेक अजून लागत नाहीत तिचे."

"मग कामाला लाग," आई म्हणाल्या.

१७ मे

ब्रेक, ब्रेक, ब्रेक. चारी चाकांचे सिलिंडर गंजून बसले होते. दोन घासून चालले, दोन नवे मिळेनात. मिस्त्रींनी तीन जुन्या ओळखीच्यांना हाका मारल्या, आणि त्यांतले एक आजोबा आपल्या घरच्या ठेवणीतले दोन घेऊन स्वतः आले. "सिस्टरची गाडी ना? माझ्या धाकट्याच्या वेळी दारात उभी होती ही." पैशांचं नाव काढू देईनात.

पाइपातली हवा काढायला एकाने आत पेडल दाबायचं आणि एकाने चाकापाशी स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत बघायचं. हे पेडलवर, मी चाकापाशी. "दाबा." "दाबलं." "सोडा." "सोडलं." तासभर. संसारात पहिल्यांदा माझं सगळं ऐकलं म्हणे यांनी. त्यांच्याकडे ब्रेकच्या तेलाचे हात घेऊन बघत राहिले. एवढी वर्षं हा माणूस 'विसरलो' म्हणत कितीतरी गोष्टी माझ्यासाठी होऊ देत आला असावा. भंगारवाल्याचा नंबर तरी होता का त्यांच्याकडे, कोण जाणे.

२० मे

सराव. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच आहे, पहिला टाकायला गेले की तिसरा पडतो. चढावर बंद पडली. मागे रांग. कोणी भोंगा वाजवला.

आई शेजारच्या सीटवर. "वाजवू दे. त्याला बाळ व्हायचं नाहीये. क्लच दाब, श्वास घे."

पुढे रस्ता मोकळा लागला तेव्हा म्हणाल्या, "आता बदल. ऐकू येत नाही का? मागतेय ती वरचा." आणि खरंच, एकदा ऐकू आलं की येतच राहिलं. घरी येईपर्यंत मी गिअर कानाने बदलले.

२३ मे

सकाळी आठला निघालो. हे मागे पिशव्या मांडीवर घेऊन, छताची कडी धरून. आईंनी सगळा वेळ काच खाली ठेवली होती. मी वाटेने सांगत गेले, डावीकडे शाळा सुट्टीमुळे ओस पडलीय, फळवाल्याने छत्री लावलीय, पुलाचं रंगकाम चाललंय. त्या म्हणाल्या, "ब्रेककडे लक्ष दे." पण जरा थांबले की, "मग? पुलाला कुठला रंग?"

दारापाशी त्यांनी माझा हात सोडायच्या आधी एकदा घट्ट दाबला. मग नर्सला म्हणाल्या, "चल. मीही तुझ्याच खात्यातली आहे, घाबरू नकोस."

पाऊण तास. मी भिंतीवरच्या सूचना वाचल्या. तीन चुका होत्या. एरवी मनात दुरुस्त करते, आज केल्या नाहीत. जशा आहेत तशा असू देत, फक्त आतलं नीट होऊ दे, असं काहीतरी.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. छान झालं, म्हणाल्या. जीव भांड्यात पडला. पट्टी उद्या.

२४ मे

सकाळी पट्टी काढली. आधी आईंनी डोळा मिटूनच ठेवला. मग उघडला, पाण्याने भरला, मिटला, पुन्हा उघडला. डॉक्टरीणबाईंची बोटं बरोबर मोजली. खिडकी बघितली. यांच्याकडे बघून म्हणाल्या, "जाड झालास." हे लहान मुलासारखे रडायला लागले.

मग माझ्याकडे वळल्या. माझ्या खांद्याच्या बाजूला नाही, माझ्याकडे. बघतच राहिल्या. मला उगाच पदराआड लपावंसं वाटलं.

"केस कधी पिकले गं तुझे?"

"झाली की तीनेक वर्षं, आई."

"एवढे?" त्यांनी हात वर करून माझ्या कानापाशी केसांवरून फिरवला. "कोणी सांगितलं नाही मला. मी आपली रोज त्या काळ्या केसांच्या मुलीवर ओरडत होते."

डॉक्टरीणबाई कागदांत काहीतरी शोधू लागल्या.

बाहेर गाडी उन्हात उभी होती, नवी, निळी, चकचकीत. सगळे तिच्याकडे बघत होते. आईंनी जाता जाता दारावरून बोट फिरवलं, "ओघळ आलाय," म्हणाल्या आणि बसल्या. मी चावी फिरवली. घरापर्यंत त्या सीटवर आडव्या वळून बसल्या होत्या, माझ्या बाजूला तोंड करून.

"आई, समोर बघा ना," मी म्हटलं. "इतक्या दिवसांनी रस्ता दिसतोय तुम्हाला."

"रस्ता बघितलेला आहे मी," त्या म्हणाल्या. "तू चालव."